एका पानाचा माग: हर्बल चहाच्या कंपनीतली उन्हाळी इंटर्नशिप

इंटर्नशिपच्या मुलाखतीला आलेल्या मुलामुलींना मी पहिला प्रश्न ठरलेला विचारते: "गवती चहाची पात हातानं कापली आहेस का कधी?" बहुतेकांनी कापलेली असते. मोरीच्या पाण्यावर वाढलेला ठोंब, चार पाती, आल्याचा तुकडा आणि बाहेर पाऊस, एवढी शिदोरी आपल्यापैकी पुष्कळांकडे असते. मग मी दुसरा प्रश्न विचारते: "हीच पात सहा महिन्यांनी दूरच्या शहरातल्या एखाद्या स्वयंपाकघरात कागदी पिशवीतून निघाली, तरी तिला हाच वास यायला हवा. त्यासाठी मधे काय काय घडावं लागेल?" इथे मुलं थांबतात. हर्बल चहाच्या कंपनीत घालवायचे सहा-आठ आठवडे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असतात.

मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि बरीच वर्षं कच्चा माल आणि गुणवत्ता हे काम केलं. दर उन्हाळ्यात येणाऱ्या इंटर्नना पाहताना एक गोष्ट पक्की कळली. ज्यांनी एकच वनस्पती धरली आणि शेतापासून कपापर्यंत तिचा माग काढला, ते खरं शिकून गेले. जे रोज नव्या विभागात डोकावत राहिले, त्यांच्याकडे फोटो पुष्कळ जमले, पण समज कच्ची राहिली. म्हणून या लेखातलं माझं मुख्य सांगणं एवढंच: एक पान निवडा आणि त्याचा माग सोडू नका.

अर्ज कधी आणि कुठे करावा

एप्रिल ते जून या काळात काम करायचं असेल तर अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच गेले पाहिजेत. मार्चअखेरीस कंपन्या वर्षाच्या हिशेबात बुडालेल्या असतात, तेव्हा आलेला अर्ज तसाच पडून राहतो.

या धंद्यात चार प्रकारची ठिकाणं आहेत. मोठे ब्रँड, इतरांच्या नावानं माल भरून देणारे कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पानं-फुलं वाळवून देणारे बचत गट. मोठ्या ब्रँडचं नाव प्रमाणपत्रावर छान दिसतं, पण तिथे इंटर्नच्या वाट्याला बहुधा एकाच टेबलावरचं काम येतं. लहान किंवा मध्यम ठिकाणी सकाळी पोत्याचं वजन, दुपारी चाळणी आणि संध्याकाळी बिलं असं सगळं एका छपराखाली दिसतं. माग काढायचा असेल तर अशी जागा बरी. एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर शोधा, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कंपन्यांना थेट पत्रही लिहा.

पत्र लांबवू नका. काय शिकता, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत आणि कोणत्या एका वनस्पतीबद्दल कुतूहल आहे, एवढं पुरे. "मला काहीही काम चालेल" असं लिहिणाऱ्याला काय काम द्यावं, हे कंपनीलाही सुचत नाही. "अंबाडीच्या बोंडांचा रंग साठवणीत का उतरतो, हे मला पाहायचं आहे" असं लिहिणाऱ्याला लगेच फोन जातो.

प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला इथे काम आहे. वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी मालाची ओळख धरावी, औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांनी चाचण्या, वाणिज्यच्या मुलांनी एका कपाचा खर्च आणि कृषीच्या मुलांनी तोडणी नि वाळवण.

होकार देण्याआधी विचारून घ्या

पाच गोष्टी लेखी मागा: रोजचे तास, विद्यावेतन, काम शिकवणारी व्यक्ती कोण, राहण्या-येण्याची सोय आणि प्रकल्प अहवालात कोणती माहिती वापरता येईल. मिश्रणाचं प्रमाण हा कंपनीचा ठेवा असतो. परवानगीशिवाय ते अहवालात छापलं किंवा यंत्राचा फोटो समाजमाध्यमावर टाकला, तर तो विश्वासघात ठरतो. कॉलेजच्या ओजेटीसाठी (ऑन-जॉब ट्रेनिंग) जात असाल तर किती तासांची नोंद लागते, हे विभागाकडून आधीच समजून घ्या.

मुलींनी आणखी एक विचारावं, आणि न संकोचता विचारावं: इथल्या अंतर्गत समितीवर कोण आहे? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू होतो आणि दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अशी समिती असावीच लागते. चांगल्या कंपनीत या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं.

ॲलर्जी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. पानं कापताना बारीक धूळ उडते. कॅमोमाइल हे गाजरगवताच्याच कुळातलं आहे. गाजरगवतानं ज्यांना त्रास होतो, त्यांनी त्या फुलांपासून जपून राहावं.

पहिला आठवडा: पानाची खरी ओळख

पहिल्या आठवड्यात गोदामात बसा. पोती येताना पाहा, उघडताना पाहा, आणि तुमची वनस्पती निवडा. निवडताना हंगामाचं भान ठेवा. मे महिन्यात पाण्याखालचा गवती चहा, पुदिना आणि तुळस ताजी मिळते. अंबाडीची लाल बोंडं हिवाळ्यात तोडलेली असतात, सुंठीचं आलंही उन्हाळ्याआधीच निघालेलं असतं. ताजं पान घेतलंत तर वाळवण शिकाल, हिवाळ्याचा माल घेतलात तर साठवण शिकाल.

मग पहिला प्रश्न: पोत्यावर जे नाव आहे तेच आत आहे का? पाकिटावर "हिबिस्कस" वाचून लोकांना देवाला वाहायची जास्वंद आठवते. चहात पडतात ती बहुधा लाल अंबाडीची बोंडं, म्हणजे फुलाखालची मांसल निदलं. दोन्ही हिबिस्कस या एकाच वंशातल्या बहिणी, पण आंबट चव आणि गडद लाल रंग अंबाडीचा. दालचिनीतही असाच फरक आहे. श्रीलंकेची दालचिनी पातळ सालींच्या थरांची, बोटानं मोडणारी, तर कॅशिया जाड, टणक, एकाच थराची. कॅशियात कुमारिन जास्त असतं आणि ते फार प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला बाधतं. चक्रीफुलाचा एक जपानी भाऊबंद तर विषारी आहे आणि वाळल्यावर दोघांत फरक करणं डोळ्यांना जड जातं. आपल्या हातून जाणारा माल कोणाच्या तरी कपात उतरणार आहे, हे ध्यानात ठेवलं की ओळखीचं काम कंटाळवाणं वाटत नाही.

दुसरा प्रश्न: सोबत काय आलं आहे? माती, काड्या, पिसं, सुतळीचे धागे हे डोळ्यांना दिसतात. तण मात्र चटकन दिसत नाही. आपल्या बांधावर वाढणाऱ्या खुळखुळ्यासारख्या काही तणांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची, यकृताला घातक द्रव्यं असतात. कापणीच्या वेळी असं तण पिकासोबत आलं तर ते पुढे कोणत्याही चाळणीनं वेगळं होत नाही. युरोपात जाणाऱ्या हर्बल चहाला या द्रव्यांची मर्यादा घालून दिलेली आहे. म्हणून चांगली कंपनी निंदणीच्या वेळीच शेतकऱ्याच्या बांधावर जाते. संधी मिळाली तर तुम्हीही जा.

या आठवड्यात तुमचे खरे शिक्षक म्हणजे माल निवडणाऱ्या मावशी आणि ताई. पान चुरडून, कानाजवळ नेऊन त्या सांगतात, "अजून ओल आहे, कडकड मोडत नाही." पात मोडते पण दांडी वाकते, म्हणजे आतून वाळलेलं नाही, हे मला यंत्रानं शिकवलं नाही, अशाच एका मावशींनी शिकवलं. त्यांच्या शेजारी सूप घेऊन दोन दिवस बसा. विचारताना "मावशी, हे कसं ओळखलंत?" असं विचारा आणि ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.

ओल: सगळ्या दुखण्यांचं मूळ

हर्बल चहात एकच आकडा रोज बघायचा झाला तर तो ओलीचा बघा. ओल राहिली की बुरशी येते, वास कुबट होतो, माल गोळा होतो. साधारण 10 टक्क्यांच्या आसपास ओल असलेलं पान नीट टिकतं. प्रत्येक कंपनीनं प्रत्येक वनस्पतीसाठी आपली हद्द ठरवलेली असते, ती पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या.

एक हिशेब स्वतः करून पाहा. 10 किलो ताज्या पानांत 80 टक्के पाणी धरलं तर कोरडा ऐवज उरतो 2 किलो. वाळलेल्या पानात 10 टक्के ओल ठेवायची म्हटलं, तर हाती येतो सुमारे 2.2 किलो माल. म्हणजे एक किलो वाळलेल्या मालामागे साडेचार किलो ताजी पानं, ती तोडणारे हात आणि ती वाहून आणणारा टेम्पो आहे. कंपनी शेतकऱ्याला काय भाव देते आणि का देते, हे या एका हिशेबातून उमगू लागतं.

वाळवण उन्हात की सावलीत, हा प्रश्न नक्की विचारा. उघड्या उन्हात पानाचा हिरवा रंग उडतो आणि सुवासिक तेलही जातं. गवती चहाचा सिट्राल, तुळशीतला युजेनॉल, पुदिन्यातला मेन्थॉल ही सगळी उडून जाणारी द्रव्यं आहेत. म्हणून अशी पानं सावलीत, हवेशीर मांडणीवर किंवा 40-50 अंश सेल्सिअसच्या वाळवणयंत्रात वाळवतात. मुळांना नि सालींना मात्र जास्त वेळ आणि बऱ्याचदा जास्त ऊब लागते.

प्रयोगशाळेत ओल मोजायची साधी रीत अशी: 5 ग्रॅम नमुना 105 अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा. उरलं 4.55 ग्रॅम, म्हणजे 9 टक्के घट. पण इथे एक मेख आहे. सुवासिक पानांतून पाण्याबरोबर तेलही उडतं, त्यामुळे ही घट खऱ्या ओलीपेक्षा जास्त दिसते. नेमका आकडा हवा असेल तर टोल्यूइन वापरून ऊर्ध्वपातनानं पाणी वेगळं मोजतात. दोन्ही रीतींनी एकच नमुना मोजून फरक लिहिलात, तर तुमच्या अहवालाचं एक चांगलं प्रकरण तयार होईल.

तुमचा मुक्काम जूनच्या मध्यापर्यंत असेल तर भाग्यवान समजा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत मोजलेला नमुना आणि पहिल्या पावसानंतर त्याच पोत्यातून काढलेला नमुना शेजारी ठेवा. हवेतला दमटपणा बंद गोदामातही कसा शिरतो, ते आकड्यांत दिसेल.

साठवणीबद्दल माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी वाळलेल्या गुलाबपाकळ्यांची पोती पुदिन्याच्या पोत्यांशेजारी लावली. जागा मोकळी दिसली, लावली. चार दिवसांनी पोतं उघडलं तर गुलाबाला पुदिन्याचा वास. पाकळ्या स्वच्छ, कोरड्या, रंगानंही सुरेख, पण मिश्रणात घालायच्या कामाच्या राहिल्या नाहीत. ज्या बाईंनी त्या पहाटे तोडल्या होत्या त्यांची मेहनत माझ्या एका निष्काळजीपणानं वाया गेली, याची टोचणी आजही आहे. वाळलेलं पान शेजाऱ्याचा वास ओढून घेतं. कुठलं पोतं कुणाशेजारी ठेवायचं, याचा नकाशा गोदामात असतो का, तो बघा. नसेल तर तो तयार करणं हा इंटर्नसाठी उत्तम प्रकल्प आहे.

चव घ्यायला शिका, आणि चवीला नाव द्या

चव घेण्याच्या खोलीत जाताना अत्तर लावू नका, मसालेदार डबा आधी खाऊ नका. चहाची चाचणी कशी करावी यासाठी आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे: 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा, आणि सहा मिनिटं. ते खऱ्या चहासाठी लिहिलेलं आहे, पण त्यातली शिस्त हर्बल मिश्रणांनाही उपयोगी पडते. वजन तेच, पाणी तेच, वेळ तीच, आणि कपावर झाकण, नाहीतर वास हवेत जातो. मुळं नि साली यांना वेळ वाढवून द्यावी लागते.

आधी कोरड्या मालाचा वास घ्या, मग भिजलेल्या पानांचा. रंग पांढऱ्या कपात पाहा. मग चमचाभर पेय आवाज करत, हवेसकट ओढून घ्या. पाण्याकडेही लक्ष असू द्या. बोअरच्या जड पाण्यात तेच मिश्रण बसकं लागतं. गोकर्णाची फुलं तर पाण्यातला बदल डोळ्यांनाच दाखवतात: निळ्या पेयात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं.

इथे मराठी मुलांनी आपल्या भाषेचा पुरेपूर उपयोग करावा. आपल्याकडे चवी-वासांचे शब्द भरपूर आहेत: तुरट, कडसर, उग्र, खमंग, मातकट, गवतट, कोंदट, कुबट, खवट. यातला प्रत्येक शब्द मालाबद्दल काहीतरी सांगतो. मातकट लागलं तर धुणं-झटकणं कमी पडलं असावं. कोंदट म्हणजे माल फार दिवस बंद पडला आहे. कुबट म्हणजे ओल शिरली. गवतट म्हणजे वाळवण अर्धवट राहिली असण्याची शक्यता. वहीत एका बाजूला तुमचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्या मालाची ओल, तोडणीची तारीख, साठवणीचे दिवस लिहा. महिनाभरात तुमच्या जिभेचा आणि यंत्राचा मेळ बसू लागेल.

एका पिशवीचं गणित

पिशवीत भरायचा माल बारीक कापून चाळतात. फार जाड राहिला तर रंग उतरायला वेळ लागतो, फार बारीक झाला तर भुकटी कागदातून कपात येते. समजा, एका पिशवीत 1.8 ग्रॅम मिश्रण भरायचं आहे. एक किलोतून 555 पिशव्या निघायला हव्यात. कापताना, चाळताना 3 टक्के घट आली तर निघतात 538. या सतरा पिशव्या कुठे गेल्या, ते शोधा: धुळीत, यंत्राच्या कोपऱ्यात, की वजनकाट्याच्या चुकीत? घट एका टक्क्यानं कमी करण्याचा मार्ग तुम्ही सुचवलात तर मालक तुम्हाला कायम लक्षात ठेवतील.

लेबल: इथे तुमची सचोटी लागते

अलीकडे बऱ्याच इंटर्नना पाकिटावरचा मजकूर किंवा समाजमाध्यमांवरच्या ओळी लिहायला देतात. हे काम सोपं समजू नका.

आधी नाव. आपल्या अन्नमानकांत चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झाडापासून बनलेला. तुळस, आलं, गवती चहा यांच्या काढ्यासारख्या पेयाला बोलताना आपण हर्बल चहा म्हणतो, पण पाकिटावर कोणता शब्द छापायचा हे नियम तपासूनच ठरवावं लागतं. मिश्रणात ग्रीन टी असेल तर त्यात कॅफीन आहे, तेव्हा "कॅफीनमुक्त" लिहिता येत नाही.

मग पाकीट हातात घ्या आणि एकेक गोष्ट शोधा: एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक, वजनाच्या उतरत्या क्रमानं घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरावं, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. बॅच क्रमांकावरून उलटा प्रवास करून पाहा. या पाकिटातली तुळस कोणत्या गावातून, कोणत्या दिवशी आली, हे अर्ध्या तासात सापडलं तर कंपनीच्या नोंदी चोख आहेत असं समजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दावे. अन्न म्हणून विकलेल्या पेयानं रोग बरा होतो, असं लिहिता येत नाही. अन्नपदार्थांच्या जाहिराती नि दाव्यांसाठी 2018 चे नियम आहेत. मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं मनाई आहे. आयुर्वेदिक औषधाचा परवाना वेगळा, अन्नाचा वेगळा, आणि 2022 पासून "आयुर्वेद आहार" या गटाचे नियम आणखी वेगळे. तुमची कंपनी यातल्या कोणत्या परवान्यावर काम करते, ते विचारा.

कायद्याच्या पलीकडेही एक कारण आहे. सुट्टीत घरी गेलात की शेजारच्या काकू विचारतील, "काय गं, यानं शुगर उतरते का?" त्या वेळी "हे छान पेय आहे, काकू, औषध नाही. गोळ्या थांबवू नका," असं सांगता आलं पाहिजे. नैसर्गिक आहे म्हणून सगळ्यांना सगळं चालतं असं नाही. गोड लागणारं ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तर रक्तदाब वाढू शकतो, शरीरातलं पोटॅशियम उतरू शकतं. गरोदर बायका, रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठीची सूचना पाकिटावर ठळक हवी. एखादी ओळ खोटी वाटली तर ती लिहिण्याआधी वरिष्ठांना विचारा: "सर, याला आधार कोणता?" नम्रपणे विचारलेला हा प्रश्न कंपनीचंही भलंच करतो.

वही आणि अहवाल

रोज संध्याकाळी वीस मिनिटं वहीला द्या. आज काय पाहिलं, काय मोजलं, कोणाकडून काय कळलं, आणि कोणता प्रश्न उरला. आकड्यासोबत तारीख, वेळ आणि हवामान लिहा. चुकलेलं मोजमाप खोडू नका, त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा.

अहवालात कंपनीचा इतिहास आणि संचालकांची स्तुती यांना अर्धं पान पुरे. बाकीची पानं तुमच्या वनस्पतीची: ती कुठे वाढली, कधी तोडली, किती वाळली, कुठे घट झाली, चव कशी बदलली आणि तुम्ही काय सुधारणा सुचवता. निघण्याआधी त्याची एक प्रत कंपनीला द्या आणि निवडणाऱ्या मावशींना त्यातलं त्यांचं ज्ञान वाचून दाखवा. त्यांनी सांगितलेलं छापलं गेलं आहे, हे त्यांना कळायलाच हवं.

आजच करायचा एक प्रयोग

मुलाखतीला अजून वेळ असेल तर घरच्या किंवा बाजारातल्या गवती चहाची 100 ग्रॅम पात घ्या. धुवून, पुसून, दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. निम्मी गच्चीवर उन्हात पसरा, निम्मी खोलीत सावलीत. रोज एकाच वेळी दोन्ही वजनं लिहा. वजन उतरायचं थांबलं की दोन घट्ट झाकणांच्या बाटल्यांत भरून तारखा घाला. महिन्यानं दोन्हींचा सारखा वजनाचा, सारख्या वेळेचा चहा करा आणि घरातल्या मोठ्यांना, कोणती बाटली ते न सांगता, पाजा.

ती दोन वजनांची यादी आणि घरच्यांनी वापरलेले शब्द घेऊन मुलाखतीला या. माझा दुसरा प्रश्न ऐकून तुम्ही गप्प बसणार नाही. उत्तराची पहिली ओळ तुम्ही आधीच लिहिलेली असेल.